कुणाकडून

१२ जून

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि खारूसाठी पाठवलेले बूट, दोन्ही पोचलं. बूट तिला जरा मोठे होतात, पण आत्यानं पाठवलेत म्हणजे आता पायच वाढवावे लागतील, असं ती म्हणते. पंधरावं लागलं तरी पेन्सिली कुरतडायची सवय गेलेली नाही, त्यामुळे तुम्ही ठेवलेलं खारू हे नाव काही सुटत नाही. तिच्या आईच्या जागी मी या घरात आले तेव्हा ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आता तोंड बंद ठेव म्हणून विनवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. फोनवर सांगता आली नसती. आमच्या भिंती तुम्ही पाहिल्या आहेत, इथे शिंकलं की पलीकडचे दचकतात.

गेल्या महिन्यात आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात बायकांची तपासणी होती. दवाखान्याची गाडी आली, गोदामात पडदे लावले. फर्मे, म्हणजे पुस्तकांच्या छापील पानांच्या घड्या, शिवणाऱ्या आम्ही सगळ्या एकमेकींना पुढे ढकलत होतो. मी गेले, कारण मला मधेच डाग दिसतो. दोन पाळ्यांच्या मध्ये, आणि आम्ही जवळ आलो की त्यानंतरही. कागदाचे गठ्ठे उचलते म्हणून होत असेल, असं मी धरून चालले होते. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाशी एक बारीक ब्रश फिरवला, झालं. दात घासायलाही जास्त वेळ लागतो.

निकाल मात्र चांगला आला नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला आणि तिथल्या पेशी बदललेल्या दिसल्या. मोठ्या दवाखान्यात जाऊन भिंगातून नीट बघून घ्या, लागलं तर छोटा तुकडा काढून तपासतील, असं सांगितलंय. ते पाकीट घरी आलं आणि यांनी फोडलं. मग मोबाइलवर शोधलं. तिथे लिहिलं होतं की हा संबंधातून पसरतो. मी भांडी घासत होते. मागे येऊन उभे राहिले आणि एकच शब्द विचारला, कुणाकडून. मला काही उमजेना, म्हणून मी हसले. त्या हसण्याचाच त्यांनी अर्थ लावला.

तेव्हापासून यांची गादी बाहेरच्या खोलीत आहे. पाठ दुखते असं खारूला सांगितलंय. वन्सं, तुमचा भाऊ सोडून माझ्या आयुष्यात दुसरा पुरुष आलेला नाही. हे त्यांना सांगून झालं, आता तुम्हाला लिहिते. मोठ्या दवाखान्यात जाऊन शोभा करायची नाही, असं त्यांनी बजावलं आहे. मीही ठरवलंय की जायचं नाही. गेले तर कबूल केल्यासारखं होईल. आम्हाला मूल हवं होतं, ते तर आता विषयातूनच गेलं.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण आहात हे विसरून लिहिलंय. लोभ आजवर होता, तो हे वाचूनही राहू द्यावा.

तुमची,
चिमणी


२१ जून

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

आधी डोळे पूस आणि मग वाच. तुझ्यावर विश्वास आहे का, असं तू विचारलं नाहीस, पण ओळीओळीत तेच आहे. आहे. विषय संपला.

मी चालवते त्या शाळेच्या बसमध्ये एक जुळी जोडी येते. वळण आलं की दोघं आळीपाळीनं ओकतात. त्यांची आई बायकांची डॉक्टर आहे. इतकी वर्षं सीट पुसल्याचं काही तरी फळ मिळायला हवंच होतं, म्हणून काल मी तिला गाडीच्या पायरीवरच गाठलं आणि तुझं नाव न घेता सगळं विचारलं.

ती म्हणाली की हा विषाणू इतका सर्रास असतो की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना कधी ना कधी लागून जातो. एकाच माणसाबरोबर जन्म काढलेल्यांनाही. बहुतेकांचं शरीर तो आपोआप घालवून टाकतं, कळतही नाही. काहींच्यात मात्र वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि पेशी बिघडवतो. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणीच नाही. तेव्हा तो कागद म्हणजे तुझ्या चालचलणुकीचा दाखला नव्हे. पेशी बदलल्या म्हणजे कर्करोगच झाला असंही नाही. वेळेत गेलं तर बऱ्याचदा छोट्या उपचारावर भागतं, पुढे मूलही होऊ शकतं.

पण डाग दिसतो म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं सांगितलं की डाग दिसत असेल तर वाट बघत बसायचं नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. घाबरवायलाच लिहिते, खरं म्हणजे. जा. त्या घुम्याशी मी बोलते. तो मिठाची गुळणी धरून बसला तर त्याला खुशाल बसू दे, तू मात्र बसू नकोस.

खारूला पापा. माझा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेवून वागावं.

तुझी नणंद


९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. कारखान्याच्या पत्त्यावर तुमची पत्रं चालतात हेही त्यातूनच कळलं. माझ्या घरातली गोष्ट मला न विचारता तुझ्या बसमध्ये पोचते, याचं वाईट वाटलं.

मला लिहिता येत नाही, बोलताही येत नाही. घुम्या हे नाव तूच पाडलंस. पण मी लिफ्टचं काम करतो, आणि बिघाड झाला की तो कुठून सुरू झाला हे शोधल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझ्या आयुष्यात दोन बायका आल्या, दोन्ही लग्नाच्या. इकडे तिकडे मी कधी पाहिलं नाही, हे तुला ठाऊक आहे. मग हे माझ्या घरात आलं कुठून? तुझी डॉक्टरीण म्हणते सांगता येत नाही. ज्याला शोधायचं नसतं तो असंच म्हणतो.

मी तिला घराबाहेर काढलेलं नाही. हात उगारलेला नाही. खारूला काही कळू दिलेलं नाही. तिला काही दुखत नाही, खुपत नाही, रोज कामावर जाते. जाईल विसरून. तूही विसर.

तब्येतीला जप. राग धरू नये.

तुझा भाऊ


१६ जुलै

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

राग धरलाय, आणि धरून ठेवणार आहे.

दोन बायका, असं तू स्वतःच लिहिलंस. मग पहिली कशानं गेली ते मला सांग. लोकांना आपण पोटाचा आजार सांगितला. मीही तेच सांगत फिरले. पण शेवटच्या दिवसांत तिला अंघोळ मी घालत होते. तिचे कपडे मी धूत होते. तो वास अजून माझ्या नाकात आहे. पोट नव्हतं ते. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता, डॉक्टरांनी तुला आणि मला समोर बसवून सांगितला होता. कशामुळे होतो, हे तेव्हा आपण विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता मी विचारून आले आहे. तो याच विषाणूमुळे होतो, घुम्या. पुरुषाला त्याचं बहुतेक वेळा काही होत नाही. ना दुखत, ना दिसत. एकीकडून येतो, दुसरीकडे जातो, आणि त्याला पत्ता नसतो. पहिलीला तुझ्याकडून आला असेल, तुला तिच्याकडून आला असेल, तिला लग्नाआधीही आला असेल. तिच्यावर बोट ठेवायला ती नाही आणि मी ठेवू देणार नाही. पण तू विचारलंस ना, कुणाकडून? तर उत्तर तूही असू शकतोस. कसलाही वाईटपणा न करता. मी तुला दोष देत नाही. चिमणीला देऊ नकोस एवढंच म्हणते.

आणि दुखत नाही म्हणून काय लिहिलंस? तू दोर तुटून लिफ्ट खाली आल्यावर तपासणीला जातोस का? चालू लिफ्ट बंद ठेवून दोर बघतोस, माणसं खाली उभी राहून तुला शिव्या देतात, तरी बघतोस. तेवढं तरी बायकोसाठी कर. तिला घेऊन जा.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. ऐकलंस तर लोभ आहेच.

ताई


४ डिसेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मधल्या तुमच्या दोन्ही पत्रांना मी बरं चाललंय असं कार्डावर खरडून पाठवलं. ते खोटं होतं. मी गेले नव्हते. हे काही बोलत नव्हते, आणि मीही हट्टाला पेटले होते, की न्यायचं तर यांनीच न्यायचं.

गेल्या महिन्यात कारखान्यात फर्मे उचलायला वाकले आणि पायांमधून रक्त गेलं. थांबेचना. शिवलेला सगळा ढीग भिजला. फोरमनबाईंनी यांना फोन केला. हे कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस तसंच, धावत आले. गाडीत माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तेव्हा तोंड उघडलं. खारूच्या आईला काय झालं होतं ते सांगितलं. तुमचं पत्र मिळाल्या दिवसापासून सांगायचं होतं, जीभ उचलत नव्हती, असं म्हणाले. मी ऐकत होते, पण मला वन्सं, तेव्हा फक्त थंडी वाजत होती.

तुकडा काढला, फोटो काढले. कर्करोग आहे. ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय, बाजूला पसरलाय. आता किरणांचा उपचार आणि बरोबर सलाइनमधून औषध. पाळी कायमची जाईल, मुलाचा प्रश्नच उरत नाही. डॉक्टर वयानं लहान आहेत, पण काही लपवलं नाही, ते मला बरं वाटलं.

मी त्यांना विचारलं की उन्हाळ्यात, निकाल आला तेव्हाच आले असते तर? ते म्हणाले, तेव्हाच तो आतून झालेला असेलही, नसेलही. आज ते सांगता येत नाही, पण लवकर आलेलं केव्हाही बरं असतं. मग यांनी विचारलं की हे माझ्यामुळे झालं का. माझ्यासमोर विचारलं, नर्स उभी असताना. डॉक्टर म्हणाले की कुणी दिला हे शोधून कुणी बरं झालेलं मी पाहिलेलं नाही, पेशंटला वेळेवर आणा, तेवढंच तुमच्या हातात आहे. हे बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून नर्स बघायला गेली, तर जिन्याशेजारच्या लिफ्टसमोर उभे होते. वर जात नव्हते, खाली जात नव्हते. तिनं हाताला धरून आणलं.

खारूला मी खरं सांगितलं आहे. तिच्या आईचंही. हे नको म्हणत होते, पण मी म्हटलं की या घरात झाकपाक करून आपलं काय भलं झालं?

येता आलं तर या. विनंती म्हणून लिहीत नाही, वाट बघते म्हणून लिहिते.

चिमणी


११ डिसेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

शाळेला सुट्टी लागते त्याच संध्याकाळी निघते. बस धुवून किल्ली देईन आणि तशीच येईन. सामान फार नाही, पण तोंड बरोबर आणते आहे, तेव्हा घरातल्या शांततेची काळजी करू नकोस.

त्या दोन्ही कार्डांबद्दल तुला बोलणार होते. लिहायला बसले आणि राग कुठे गेला कळलं नाही. मी फोन करायला हवा होता, किंवा सरळ येऊन दारात उभं राहायला हवं होतं. पत्र लिहिलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं.

किरणांच्या उपचारानं भूक जाते, जुलाब होतात, लघवीला आग होते, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. सहन करून गप्प बसायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं, त्यावर औषधं असतात. तुमच्या घरात गप्प बसायला एक माणूस पुरे आहे.

मी येईपर्यंत जपून राहा. माझा लोभ आता पत्रातून नाही, हातानं घ्यायचा.

तुझी नणंद


२ ऑगस्ट

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, खारूच्या पुस्तकावर कागद ठेवून पडल्या पडल्या लिहिते आहे. तुम्ही परत गेलात तेव्हा मी जिन्यापर्यंत आले होते. आता खिडकीपर्यंत जाते, तेही कुणी धरलं तर.

परवाच्या फोटोत फुप्फुसातही दिसलं. डॉक्टर म्हणाले की आता दुखणं आटोक्यात ठेवू. त्याचा अर्थ मला कळतो. वन्सं, मला मरायची भीती वाटते. हे मी या घरात कुणाला सांगू शकत नाही, कारण दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसलेली असतात.

तुम्ही विचारलं होतं की यांच्याशी आता कसं आहे. बरोबर राहतात. गादी केव्हाच आत आली. माझे खराब झालेले कपडे न बोलता धुतात, दोरीवर नीट झटकून घालतात, शेजारी बघतात तरी. कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या होत्या, तेव्हा यांनी आजाराचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाले. मी ऐकतच राहिले. फोरमनबाई घेऊन जाणार आहेत त्यांना.

पण मला राग येत नाही असं नाही. येतो. चांगल्या दिवशी जास्त येतो, वाईट दिवशी त्यालाही ताकद लागते. एकदा मी त्यांना म्हटलं की तुम्ही मला एक शब्द विचारलात आणि मग पाच महिने काहीच विचारलं नाहीत. ते खाली बघून हो म्हणाले. मग त्यांनी मला चमच्यानं पेज भरवली. माफ केलं का, म्हणाल तर मला खरंच माहीत नाही. वेळ मिळाला असता तर कळलं असतं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. खारूला या विषाणूची लस द्यायची. या वयात उत्तम लागू पडते, डॉक्टरांनी सांगितलंय. यांना मी सांगितलं आहे, पण तुम्ही पाठीशी लागा. आणि लस घेतली तरी मोठी झाल्यावर तपासणी सोडायची नाही, हेही तिला सांगत राहा. मी तिला शरीराची सगळी नावं धडधडीत शिकवली आहेत. पहिल्यांदा लाजली. आता मलाच दुरुस्त करते.

तुम्ही माझ्याशी नणंदेसारख्या कधी वागला नाहीत. हा लोभ माझ्यानंतर त्या पोरीवर असू द्यावा, तिच्या वाटणीला आला तो आणि माझ्या वाटणीचा उरला तोही.

चिमणी


१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तू दहा दिवस राहून गेलीस आणि घर पुन्हा घुमं झालं. बाबा स्वयंपाक करतात. मीठ एक तर नसतं, नाही तर तेवढंच असतं. मी काही बोलत नाही आणि खाते. मग तेच म्हणतात की खारट झालंय ना, आणि मी हो म्हणते. आमचं संभाषण साधारण इतकं असतं.

काल लस घेतली. बाबा अर्धा दिवस रजा काढून आले. नर्सनं आईबद्दल विचारलं. मला कुठल्या आईबद्दल सांगायचं, आईबद्दल की माईबद्दल, ते कळेना, म्हणून मी म्हटलं की दोघी गेल्या, दोघी याच आजारानं. तिचा हात थांबला. बाबा मागे उभे होते, त्यांनी नर्सला विचारलं की हे इंजेक्शन पुरुषांनाही देतात का. ती म्हणाली, मुलग्यांना देतात, पण तुमच्या वयात त्याचा फारसा उपयोग नाही. बाबांनी मान हलवली आणि बाकावर जाऊन बसले. दंड दुखतो आहे, बाकी मी ठीक आहे. पुढची मात्रा राहिली आहे, तारीख मी दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलीय.

आत्या, मला बाबांचा खूप राग येतो. ते रडले की जास्त येतो. माईनं मला सांगितलं होतं की त्यांना एकटं टाकू नकोस, पण खोटं खोटं गोडही वागू नकोस. तेवढंच जमतं आहे. परवा मी त्यांना विचारलं की तुम्ही तिला त्या उन्हाळ्यात का नेलं नाहीत. ते म्हणाले, मला वाटलं की माझा अपमान झालाय. मग म्हणाले, मला तेवढंच दिसलं. मी उठून माझ्या खोलीत गेले. तू मला समजवायला लिहू नकोस. माझं मी बघेन, आज नाही तर दहा वर्षांनी.

लिहायचं होतं ते हे. माई पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा तू त्या डॉक्टरीणबाईंना विचारलंस, माईला पत्रं लिहिलीस, बाबांना रागावलीस, माझ्या लशीसाठी सारखे फोन केलेस. तू स्वतः तपासणी केलीस का? तू इथे असताना मी विचारलं होतं. तू म्हणालीस की मला काय करायचंय, माझं कुठे लग्न झालंय. आणि मग बसचा विषय काढलास. माई म्हणायची की लग्न झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही असं नसतं, आणि ते कुणी विचारायचंही नसतं, फक्त जायचं. तेव्हा मी विचारत नाही. त्या जुळ्यांची आई रोज तुझ्या गाडीच्या पायरीपर्यंत येते. तिची वेळ घे आणि मला कळव.

लाजायचं असेल तर लाज, पण जा. माझ्या दोन आया गेल्या. आत्या एकच आहे.

तुझीच,
खारू